उदासीन म्हणजे सात नव्हे

शुद्ध पाण्यातले सगळेच रेणू अखंड नसतात. एखाद्या रेणूतला प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे उघडे अणुकेंद्र, आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून शेजारच्या रेणूवर जातो. ज्याने प्रोटॉन घेतला त्याचा हायड्रोनियम हा धन आयन होतो. ज्याने तो गमावला त्याचा हायड्रॉक्साइड हा ऋण आयन उरतो. ही क्रिया म्हणजे पाण्याचे स्वयंआयनीभवन. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर शुद्ध पाण्यात हायड्रोनियम आयन ०.००००००१ मोल असतात आणि हायड्रॉक्साइड आयनही नेमके तेवढेच. त्याच लिटरमध्ये पाण्याचे सुमारे ५५ मोल असतात. म्हणजे जवळपास ५५ कोटी रेणूंमागे एक रेणू कोणत्याही क्षणी तुटलेला असतो. हे प्रमाण नगण्य वाटते, तरी पाण्याच्या एका लहान थेंबात असे सुमारे तीन लाख कोटी हायड्रोनियम आयन असतात.

आम्ल, आम्लारी आणि उदासीन या तिन्ही संज्ञांना पाण्याच्या द्रावणात जो अर्थ आहे, तो या तुटण्यातून आलेला आहे. शिकवताना मात्र क्रम बहुधा उलटा असतो. आधी शून्य ते चौदा अशी रंगीत पट्टी येते, तिच्यावर लिंबू, दूध, साबण, चुन्याची निवळी यांच्या जागा दाखवल्या जातात, सात हा उदासीनतेचा आकडा म्हणून पाठ होतो आणि पाण्याच्या आयनीभवनाचा उल्लेख झालाच तर शेवटी, एखाद्या सूत्रापुरता होतो. या क्रमामुळे सात, शून्य आणि चौदा हे निसर्गाने आखून दिलेले स्थिरांक आहेत असा समज पक्का होतो. तो चुकीचा आहे. सामू, म्हणजेच पीएच, हे मुळात पाण्याच्या स्वतःच्या वर्तनाचे माप आहे आणि ते वर्तन बदलले की पट्टीवरचे सगळे आकडे सरकतात. पुढचे विवेचन याच मुद्द्याच्या बाजूने आहे.

पाणी तुटते हे विजेमुळे कळले. क्षार पाण्यात विरघळल्यावर त्यांचे भारित कण सुटे होतात, हा सिद्धांत स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनियस यांनी १८८० च्या दशकात मांडला आणि त्यासाठी त्यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आयन सुटे असतील तर वीज वाहणार; मग ज्यात काहीच विरघळलेले नाही अशा पाण्यातून वीज वाहते का, हा प्रश्न ओघानेच आला. जर्मनीत फ्रीडरिश कोलराउश आणि आडोल्फ हायडवायलर यांनी १८९४ मध्ये त्याचे उत्तर दिले. साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात काचेतून उतरलेले क्षार असतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड असतो, आणि दोन्हींमुळे वाहकता वाढते. त्यांनी पाणी निर्वातात पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केले. वाहकता उतरत गेली, पण शून्यावर आली नाही. एका ठिकाणी ती थांबली आणि त्याखाली जाईना. ही उरलेली वाहकता कोणत्याही मळाची नव्हती, ती पाण्याची होती. आज संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांत अतिशुद्ध पाण्याची कसोटी हीच आहे. २५ अंशांना त्याचा विशिष्ट रोध १८.२ मेगाओहम सेंटिमीटर भरतो, आणि कितीही चांगली गाळणी लावली तरी त्यापुढे जाता येत नाही.

एवढ्या थोड्या आयनांनी मोजता येईल इतकी वीज वाहते, याचे कारण प्रोटॉनच्या प्रवासाच्या पद्धतीत आहे. सोडियमसारखा आयन पाण्याचे रेणू बाजूला सारत स्वतः पुढे जातो. हायड्रोनियमला तसे जावे लागत नाही. त्याच्यावरचा एक प्रोटॉन पुढच्या रेणूवर जातो, त्या रेणूवरचा दुसराच एक प्रोटॉन त्याच्या पुढच्यावर. बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात सरकवतात तेव्हा घमेले टोकाला पोचते आणि माणसे जागेवरच असतात, तसेच हे. या कल्पनेचे बीज टेओडोर फोन ग्रोटहुस यांच्या १८०६ सालच्या लेखनात आहे; त्या काळी पाण्याचे रासायनिक सूत्रही निश्चित झालेले नव्हते, हे लक्षात घेतले की त्या तर्काची झेप जाणवते. मोजमाप सांगते की पाण्यात हायड्रोजन आयनाची, म्हणजेच हायड्रोनियमची, गतिशीलता सोडियम आयनाच्या सुमारे सातपट आहे.

तुटणे आणि जुळणे यांचा वेग मोजायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. मान्फ्रेट आयगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समतोलाला क्षणभर धक्का देऊन तो परत कसा सावरतो हे पाहण्याची तंत्रे १९५० च्या दशकात घडवली. १९६७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये आयगन यांचा वाटा होता तो याच कामासाठी. त्या मोजमापांतून निघालेले चित्र असे : पाण्याचा एखादा रेणू सरासरी दहा-अकरा तासांतून एकदाच तुटतो, पण तुटून सुटे झालेले दोन विरुद्ध आयन एकमेकांना भेटले की जुळण्याची क्रिया द्रवातल्या ज्ञात क्रियांमध्ये सर्वांत वेगवान क्रियांपैकी एक ठरते. तुटणे दुर्मीळ आणि जुळणे तत्काळ, म्हणून कोणत्याही क्षणी तुटलेल्यांची संख्या इतकी अल्प असते.

या दोन वेगांच्या समतोलातून एक नियम निघतो आणि सामूची सगळी इमारत त्याच नियमावर आहे. जुळण्याचा वेग हायड्रोनियम आणि हायड्रॉक्साइड या दोघांच्या संहतीच्या गुणाकारावर अवलंबून असतो. तुटण्याचा वेग अखंड पाण्याच्या संहतीवर अवलंबून असतो, आणि ती जवळजवळ अचल असते. म्हणून ठराविक तापमानाला दोन आयनांच्या संहतींचा गुणाकार अचल राहतो. २५ अंशांना तो १० चा उणे १४ वा घात, म्हणजे एकावर चौदा शून्ये ठेवून येणाऱ्या संख्येचा व्यस्त. यालाच पाण्याचा आयनिक गुणाकार म्हणतात. पाण्यात आम्ल घातले की हायड्रोनियम वाढतात, त्यांना भेटणारे हायड्रॉक्साइड जुळून जातात, आणि गुणाकार होता तिथेच येतो. आम्लारी घातल्यावर उलट घडते. एक वाढला की दुसरा त्याच पटीत घटतो, पण कोणीही संपत नाही. लिंबाच्या रसासारख्या, सामू २ असलेल्या द्रावणाच्या एका थेंबातही सुमारे तीन कोटी हायड्रॉक्साइड आयन असतात.

हे मान्य केले की उदासीन या शब्दाची व्याख्या आपोआप ठरते : ज्या द्रावणात हायड्रोनियम आणि हायड्रॉक्साइड समसमान आहेत ते उदासीन. या व्याख्येत कोणताही आकडा नाही. हायड्रोनियम जास्त असेल तर द्रावण आम्लधर्मी, हायड्रॉक्साइड जास्त असेल तर अल्कधर्मी. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी एकत्र केल्यावर निघणारी उष्णता जोडी कोणतीही घेतली तरी प्रत्येक मोलमागे जवळपास सारखीच, सुमारे ५६ किलोजूल, भरते याचेही कारण इथेच आहे. हायड्रोक्लोरिक आम्लात कॉस्टिक सोडा घाला की नायट्रिक आम्लात कॉस्टिक पोटॅश. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, नायट्रेट हे सगळे नुसते प्रेक्षक असतात. प्रत्यक्षात घडते ते एकच, दोन आयन जुळून पाणी होणे.

पाण्याचे आयनीभवन विसरून सामू काढला तर काय होते, हे महाविद्यालयात विचारल्या जाणाऱ्या एका उदाहरणातून उत्तम दिसते. हायड्रोक्लोरिक आम्ल इतके विरल केले की त्याची संहती १० चा उणे ८ वा घात मोल प्रति लिटर झाली. सामू किती? सूत्रात आकडा टाकणारा विद्यार्थी ८ असे उत्तर देतो. म्हणजे आम्लात पाणी मिसळत गेले की ते एक दिवस आम्लारी होते असे म्हटल्यासारखे झाले. चूक गणिताची नाही. आम्लातून आलेले हायड्रोजन आयन मोजले गेले आणि पाण्याने स्वतः दिलेले, त्याहून जवळपास दहापट असलेले, मोजलेच गेले नाहीत. दोन्हींचा हिशेब समतोलाच्या अटीसह केला की उत्तर ६.९८ येते : उदासीनतेच्या किंचित अलीकडे, पण आम्लाच्याच बाजूला. कितीही विरल केले तरी आम्लाचे द्रावण ती रेषा ओलांडत नाही. जिथे आम्ल भरपूर आहे तिथे पाण्याचा वाटा सोडून देता येतो. ही सोय आहे, हे सांगितले जात नाही तेव्हा ती नियम होऊन बसते.

हायड्रोजन आयनाची संहती घातांकात सांगण्याची रीत कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत जन्मली. बिअर बनवणाऱ्या कार्ल्सबर्गचे संस्थापक जे. सी. याकोबसेन यांनी १८७५ मध्ये ही प्रयोगशाळा उभारली होती. तिथल्या रसायन विभागाचे प्रमुख एस. पी. एल. सोरेनसेन विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, काम करत होते. साखरेचे विघटन करणारे विकर कोणत्या द्रावणात किती वेगाने चालते हे मोजताना त्यांना दिसले की द्रावणात एकूण आम्ल किती घातले यावरून विकराच्या वेगाचा अंदाज येत नाही. त्या क्षणी सुटे असलेले हायड्रोजन आयन किती आहेत यावरून येतो. ही संख्या एका प्रयोगापासून दुसऱ्या प्रयोगापर्यंत लाखो पटींनी बदलत होती. दशांश चिन्हानंतरची शून्ये लिहीत बसण्यापेक्षा १० चा जो ऋण घात येतो त्यातला आकडाच वापरावा, असे त्यांनी १९०९ च्या आपल्या शोधनिबंधात सुचवले. ०.००१ साठी ३, ०.०००००१ साठी ६. एवढीच ती युक्ती होती. त्या निबंधात सोरेनसेन यांनी मोजमापे १८ अंशांना केली होती आणि त्या तापमानाला त्यांनी काढलेला उदासीन बिंदू ७.०७ होता. ज्याने ही श्रेणी घडवली त्याच्या स्वतःच्या हिशेबातही उदासीनता सातवर नव्हती.

सोरेनसेन यांच्या कामातला खरा भेद साठा आणि तीव्रता यांच्यातला आहे आणि तो श्रेणीपेक्षाही मोलाचा आहे. ०.१ मोल प्रति लिटर संहतीचे हायड्रोक्लोरिक आम्ल पूर्णपणे आयनांत विभागते. त्याचा सामू १. तेवढ्याच संहतीचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, शेकडा सव्वा ते दीड इतकेच विभागते; त्याचा सामू २.९. पहिल्यात सुटे हायड्रोजन आयन दुसऱ्याच्या पंचाहत्तर पट आहेत. तरीही दोन्ही उदासीन करायला कॉस्टिक सोडा जवळजवळ सारखाच लागतो, कारण सुटे आयन खर्च होत जातात तसे न विभागलेले ॲसेटिक आम्ल नवे आयन देत राहते. सामू फक्त आज हातावर किती आहे ते सांगतो. कोठारात किती आहे ते सांगत नाही. हा भेद पुढे अल्कधर्मी पाण्याच्या जाहिरातींच्या संदर्भात निर्णायक ठरतो.

घातांकाच्या सोयीची एक किंमत आहे. सामूतला एक अंकाचा फरक म्हणजे दहापट, ०.३ चा फरक म्हणजे दुप्पट. आकडा लहान दिसतो म्हणून बदल लहान वाटतो. माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो. तो ७.४ वरून ७.१ वर आला तर कागदावर फरक ०.३ चा, रक्तातले हायड्रोजन आयन मात्र लिटरमागे ४० नॅनोमोलवरून सुमारे ८० वर गेलेले असतात, आणि तो रुग्ण अतिदक्षता विभागात असतो. औद्योगिक क्रांतीपूर्वीपासून आजवर समुद्राच्या पृष्ठभागावरच्या पाण्याचा सरासरी सामू साधारण ८.२ वरून ८.१ वर आला. एक दशांश, असे म्हणून सोडून देण्याजोगा हा आकडा हायड्रोजन आयनांच्या भाषेत सुमारे २६ टक्क्यांची वाढ आहे. समुद्र अजूनही अल्कधर्मीच आहे, पण वाढलेल्या हायड्रोजन आयनांनी कार्बोनेट आयन खर्ची पडतात, आणि प्रवाळ व शिंपल्यांना कवच बांधायला तेच लागतात.

सामूची सरासरी काढणे ही तशीच दुसरी फसगत. सामू ४ आणि सामू ६ असलेले पावसाचे पाणी समप्रमाणात मिसळले तर मिश्रणाचा सामू ५ येत नाही, ४.३ येतो, कारण बेरीज आयनांची होते, घातांकांची नाही. अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र करून सरासरी सामू जाहीर करताना ही चूक झाली तर परिस्थिती आहे त्याहून बरी दिसते. चूक नेहमी एकाच दिशेला जाते, म्हणून ती जास्त गंभीर.

आता तापमान. पाण्याचा रेणू तोडायला उष्णता लागते, म्हणून पाणी तापले की जास्त रेणू तुटतात आणि आयनिक गुणाकार वाढतो. शून्य अंशाला शुद्ध पाण्याचा सामू ७.४७ असतो. २५ अंशांना ७.००, माणसाच्या शरीराच्या ३७ अंशांना ६.८, ६० अंशांना ६.५ आणि उकळत्या पाण्याचा सुमारे ६.१. उकळते शुद्ध पाणी आम्लधर्मी नसते. त्यात हायड्रोनियम वाढले तितकेच हायड्रॉक्साइडही वाढले. समानता कायम आहे, म्हणून ते उदासीनच. सात हा आकडा एका विशिष्ट तापमानाला, प्रयोगशाळेच्या सोयीसाठी निवडलेल्या २५ अंशांना, योगायोगाने जवळजवळ पूर्णांकात पडतो. रसायनशास्त्राच्या शिक्षणात या योगायोगाइतकी दिशाभूल करणारी सोय क्वचितच दुसरी असेल.

सजीवांनी मात्र सात हा आकडा कधीच पाळलेला नाही. माणसाच्या रक्ताचा सामू ७.४ हा सातच्या जवळ, म्हणून रक्त किंचित अल्कधर्मी, असे सर्रास लिहिले जाते. शरीराच्या तापमानाला उदासीन बिंदू ६.८ आहे हे धरले की अंतर ०.४ चे राहत नाही, ०.६ चे होते. रक्तात हायड्रॉक्साइड आयन हायड्रोनियमच्या सुमारे पंधरापट असतात. पण त्याहून मोठा पुरावा थंड रक्ताच्या प्राण्यांनी दिला. मासे, बेडूक, कासवे यांचे शरीर भोवतालच्या तापमानाबरोबर गार-गरम होते. त्यांच्या रक्ताचा सामू मोजला तर तो एका आकड्यावर स्थिर राहत नाही. तापमान एक अंशाने उतरले की सामू सुमारे ०.०१६ ते ०.०१७ ने चढतो. पाण्याचा उदासीन बिंदू जवळजवळ त्याच गतीने चढतो. म्हणजे हे प्राणी सामू सांभाळत नाहीत. उदासीन बिंदूपासूनचे अंतर सांभाळतात. हर्मन रान आणि रॉबर्ट रीव्हज या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत हा धागा स्पष्ट केला. रीव्हज यांच्या मांडणीप्रमाणे यामागे प्रथिनांतल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे इमिडॅझोल वलय आहे. त्याची प्रोटॉन धरून ठेवण्याची ताकद तापमानाबरोबर जवळजवळ पाण्याच्याच वेगाने बदलते. अंतर सांभाळले की प्रथिनांवरचा विद्युतभार सांभाळला जातो आणि विकरांचे काम चालू राहते.

हा वाद पुस्तकापुरता राहिला नाही. हृदयाच्या काही शस्त्रक्रियांत रुग्णाचे शरीर मुद्दाम थंड करतात. अशा वेळी रक्ताचा सामू कोणता ठेवायचा? थंड रक्तातही ७.४ हाच आकडा राखावा, त्यासाठी कार्बन डायऑक्साइड घालावा, ही एक पद्धत. तापमानाबरोबर सामूला चढू द्यावे, ही दुसरी. तिला अल्फास्टॅट म्हणतात आणि ती रान व रीव्हज यांच्याच विचारातून आली. मेंदूच्या रक्तपुरवठ्यावर दोन्हींचे परिणाम वेगळे असल्याने लहान मुलांत आणि प्रौढांत कोणती बरी यावर शस्त्रक्रियागृहांत दीर्घ चर्चा झाली. उदासीन म्हणजे आकडा की समानता, हा प्रश्न तिथे जीविताशी जोडला गेला.

पट्टीच्या दोन टोकांबद्दलचा समज तपासायला इतके लांब जावे लागत नाही. शून्य आणि चौदा या भिंती नाहीत. लिटरमागे एक मोल हायड्रोनियम असले की सामू शून्य. त्याहून संहत आम्लाचा सामू ऋण असतो. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटनच्या सोडून दिलेल्या खाणीत, पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे हवेत ऑक्सिडीकरण होऊन झिरपणाऱ्या पाण्याचा सामू उणे ३.६ इतका मोजला गेला. ही नोंद २००० साली प्रसिद्ध झाली. इतक्या संहत द्रावणात आयन एकमेकांवर प्रभाव टाकतात, म्हणून नुसती संहती धरून चालत नाही, त्यांची परिणामकारक क्रियाशीलता धरावी लागते. सोरेनसेन यांनी स्वतः काइ लिंडरस्ट्रोम-लांग यांच्याबरोबर १९२४ मध्ये व्याख्या तशी सुधारली.

पट्टी पाण्याची आहे याचा सर्वांत स्वच्छ पुरावा द्रावक बदलल्यावर मिळतो. पाण्यात हायड्रोक्लोरिक, नायट्रिक आणि परक्लोरिक ही तिन्ही आम्ले सारखीच तीव्र वाटतात. तिघेही आपला प्रोटॉन पाण्याला पूर्णपणे देऊन टाकतात, आणि उरते ते फक्त हायड्रोनियम; पाण्यात त्याहून तीव्र आम्ल टिकूच शकत नाही. तीच आम्ले ॲसेटिक आम्लात विरघळवली, जे प्रोटॉन घ्यायला नाखूश असते, की त्यांच्या ताकदीतला फरक उघड होतो आणि परक्लोरिक पुढे निघते. उलट द्रवरूप अमोनियात व्हिनेगरमधले सौम्य ॲसेटिक आम्लही तीव्र आम्लासारखे वागते. अमोनियाचेही स्वयंआयनीभवन होते, पाण्यापेक्षा कितीतरी कमी. त्याचा उदासीन बिंदू वेगळा, श्रेणीची लांबी वेगळी. योहानेस ब्रोन्स्टेड आणि थॉमस लोरी यांनी १९२३ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या व्याख्येत, प्रोटॉन देतो तो आम्ल आणि घेतो तो आम्लारी, हीच मोकळीक आहे. त्या व्याख्येत पाणी एकाच वेळी दोन्ही आहे.

पाण्याचा आयनिक गुणाकार शेतापर्यंत पोचतो. कोकणातल्या जांभ्या जमिनीत मुसळधार पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलेले असते, ती आम्लधर्मी. दख्खनच्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, ती अल्कधर्मी. माती परीक्षणात एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळून सामू मोजतात. अहवालात ८.३ आकडा आला आणि शेजारच्या रानाचा ७.३ असला तर फरक एकाचा दिसतो. पण फेरिक लोह मातीत हायड्रॉक्साइडच्या रूपात बसते आणि त्याच्या एका आयनाला तीन हायड्रॉक्साइड लागतात. सामू एकने वाढला की हायड्रॉक्साइड दहापट, आणि पाण्यात सुटे असलेले फेरिक आयन दहाच्या घनाने, म्हणजे हजारपट, घटतात. लोह मातीत भरपूर असूनही भुईमुगाची, उसाची कोवळी पाने पिवळी पडतात ती यामुळे. अशा वेळी नुसते लोहाचे मीठ मातीत टाकून फारसे साधत नाही, कारण तेही तिथे जाऊन बसते. म्हणून फवारणी किंवा चिलेटच्या रूपातले लोह सुचवतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी याच दिशेला आणखी पुढे आहे. उल्कापाताने झालेल्या त्या विवरातून पाण्याला वाहून जायला वाट नाही, बाष्पीभवनाने सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट साठत जातात, आणि सामू १० च्या आसपास राहतो.

पाण्याच्या आयनीभवनाच्या नावावर आज सर्वांत जास्त विकले जाते ते अल्कधर्मी आयनीकृत पाणी. या व्यवहाराची तपासणी वरच्या दोन नियमांनी होते. पहिला नियम भाराचा. पाण्यात धन आणि ऋण भार समान असावेच लागतात. हायड्रोनियम कमी करून नुसते हायड्रॉक्साइड मागे ठेवणे शक्य नाही; प्रत्येक जादा हायड्रॉक्साइडला सोडियम, कॅल्शियम असा कोणीतरी जोडीदार लागतो. घरगुती यंत्रात नळाच्या पाण्यातून वीज सोडतात तेव्हा ऋण विद्युतअग्राजवळ हायड्रोजन वायू सुटतो आणि तिथल्या पाण्यात नळाच्याच क्षारांतल्या धन आयनांबरोबर हायड्रॉक्साइड उरतात. खरोखर शुद्ध पाणी या यंत्रात घातले तर त्यातून वीजच जेमतेम वाहील आणि जाहिरातीतले काहीही घडणार नाही. पाणी आयनीकृत करावे लागत नाही, ते नेहमीच असते. यंत्र करते ते क्षारांच्या पाण्याचे विद्युतअपघटन.

दुसरा नियम साठ्याचा. अशा पाण्याचा सामू ९.५ धरला, आणि ही अल्कता केवळ हायड्रॉक्साइडची मानली, तर एका लिटरमध्ये हायड्रॉक्साइड आयन सुमारे ०.००००३ मोल असतात. जठररसाचा सामू १.५ धरला तर त्याच्या एका मिलिलिटरमध्ये हायड्रोजन आयन नेमके तितकेच असतात. म्हणजे पूर्ण लिटर पाण्याची अल्कता जठररसाच्या वीसेक थेंबांत संपते. रक्तापर्यंत जाण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि गेली तरी तिथला हिशेब वेगळ्याच मोजमापाचा आहे. शरीर रोज सुमारे १५ मोल कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांतून बाहेर टाकते. रक्तातले बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांचे वीसास एक हे प्रमाण श्वास आणि मूत्रपिंडे मिळून राखतात, आणि ७.४ हा सामू त्या प्रमाणाचा परिणाम आहे. बाटलीतल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असेल तर गोष्ट थोडी बदलते, पण मग महत्त्व बायकार्बोनेटच्या मिलिग्रॅमना येते, सामूला नाही. आणि खाण्याचा सोडा त्या कामाला पुरतो. सामू मोठ्या अक्षरात छापून विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण न छापणारी बाटली ग्राहकाला निरुपयोगी आकडा देते.

पिण्याच्या पाण्याचा सामू महत्त्वाचा आहेच, पण वेगळ्या कारणांसाठी. भारतीय मानक १०५०० नुसार तो ६.५ ते ८.५ असावा. खूप कमी असेल तर पाणी नळातला धातू खाऊ लागते. खूप जास्त असेल तर चव बिघडते आणि भांड्यांवर, नळांवर पुटे धरतात. सर्वांत मोठे कारण निर्जंतुकीकरणाचे आहे. क्लोरिन पाण्यात गेल्यावर हायपोक्लोरस आम्ल होते आणि तेही पाण्याला प्रोटॉन देऊन हायपोक्लोराइट आयनात बदलते. जंतू मारण्यात आम्लाचे रूप आयनाच्या रूपापेक्षा फार प्रभावी, कारण भाररहित रेणू जंतूच्या भित्तिकेतून सहज आत जातो. २५ अंशांना सामू ७.५ च्या सुमारास दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात. ६.५ ला नव्वद टक्क्यांच्या आसपास आम्ल असते, ८.५ ला ते दहा टक्क्यांच्याही खाली येते. म्हणून क्लोरिनची मात्रा पाण्याचा सामू पाहून ठरवावी लागते. जागतिक आरोग्य संघटना परिणामकारक क्लोरिनीकरणासाठी सामू ८ च्या खाली ठेवावा असे सांगते. सामू त्याहून वर गेला असेल तर तितक्याच क्लोरिनला पाण्यात जास्त वेळ द्यावा लागतो, नाहीतर मात्रा वाढवावी लागते.